समोरची गॅलरी

सेमीफायनलचा निकाल लागला त्या संध्याकाळी शालननं एक भाकरी करपवली, आणि निकालाच्या नादात ते घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. फुटबॉलची फायनल ठरली होती. वज्रवीर तालीम विरुद्ध नवरंग तालीम, म्हणजे शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ, आणि या घरापुरतं बोलायचं तर शालनचं सासर विरुद्ध शालनचं माहेर.

कोल्हापुरात लेक द्यायची तर माणसं घर बघतात, शेतीवाडी बघतात, मुलाची नोकरी बघतात. मुलाच्या पेठेची तालीम, म्हणजे फुटबॉलचा संघ, कुठली हे विचारायचं नेमकं राहून जातं आणि पुढं तेच जन्मभर पुरतं. शालनच्या वडिलांचंही तसंच झालं. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात या दोन तालमींची गाठ पडली. नव्या सुनेनं मोठ्या हौसेनं सगळ्यांना चहा करून दिला आणि वज्रवीर तीन गोलनं हरली. थोरले दीर गणपतराव, ज्यांना घरापासून गल्लीपर्यंत सगळे आण्णा म्हणतात, तेव्हा वज्रवीरकडून बॅक खेळायचे. त्यांनी घरी येऊन जाहीर केलं की इथून पुढं नवरंगशी मॅच असेल त्या दिवशी धाकट्या सुनेच्या हातचं पाणीही कुणी घ्यायचं नाही.

"पोरगी चांगली हाय," ते धाकट्या भावाला, म्हणजे शालनच्या नवऱ्याला म्हणाले होते. "पर अमर, पेठ न्हाय सुटत माणसाची."

त्या वर्षी शालन उशीत तोंड खुपसून रडली. पुढच्या वर्षी मात्र तिच्या ध्यानात आलं की ज्या दिवशी आपल्या हातचं पाणी चालत नाही, त्या दिवशी आपल्याला स्वयंपाकही नाही, धुणं नाही, पुरुषांची वाढावाढ नाही. मग तिनं काय करावं? तिनं स्वतःपुरता आल्याचा चहा केला, खारे शेंगदाणे ओच्यात घेतले आणि सरळ गच्चीवर जाऊन बसली. शाहू स्टेडियमचा आवाज गच्चीपर्यंत यायचा. कुठली पेठ ओरडली हे तिला आवाजावरून कळायचं. सासर ओरडलं की ती टाळी वाजवायची, माहेर ओरडलं की टाळी वाजवून एक उडीही मारायची. बघायला कुणी नव्हतं. तेव्हापासून दर हंगामाला ती अंबाबाईला मनातल्या मनात सांगायची की आई, या दोघांची एक तरी मॅच लाव गं. घरातले पुरुष त्याच देवीकडं नेमकं उलटं मागत असायचे.

यंदा मात्र नुसत्या आवाजावर भागणार नव्हतं. वज्रवीरच्या फॉरवर्डला तिचा राजवीर खेळत होता आणि नवरंगच्या गोलात उभा राहणार होता तिच्या भावाचा मुलगा राजवर्धन. दोघंही तिच्या मांडीवर खेळलेले. शालनला ही मॅच डोळ्यांनी बघायची होती. एवढं दुसरं काही तिला गेल्या कित्येक वर्षांत हवंसं वाटलं नव्हतं, अगदी मागच्या दिवाळीतल्या पाटल्याही नाहीत.

फायनलच्या सकाळी तिचा धाकटा भाऊ आकाराम दारात येऊन उभा राहिला. गाडी त्यानं बंदही केली नव्हती.

"आक्का, हाईस का?"

"आत ये की. भाईरच का थांबलाईस?"

"आज आत आलो तर आण्णा उद्या घर धुवून काढतील." त्यानं खिशातून दोन तिकिटं काढली. "धर. तुझं आणि स्वप्नालीचं."

शालननं पदराला हात पुसले आणि स्वतःचं नि लेकीचं अशी दोन्ही तिकिटं घेतली. ती पिवळी होती. नवरंगचा रंग पिवळा, वज्रवीरचा हिरवा, आणि त्या स्टेडियममध्ये कुठल्या रंगानं कुठं बसायचं याचा वाद पोलिससुद्धा घालत नाहीत.

"आकाराम, ही तुमच्या गॅलरीची हाईत."

"मग? तुमची तिकिटं तुझ्या दिरानं तालमीतल्या पोरांत वाटून टाकली. स्वप्नालीनं मागितलं तर म्हणले बायकांचं काय काम तितं. तिनंच मला फोन केलता." मग आकारामनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली घेतला. "आक्का, एक सांग. राजवीर पेनल्टी कुठल्या बाजूला मारतो?"

आता हे त्यानं शालनला का विचारावं, तर राजवीरच्या आयुष्यातली पहिली गोलकीपर शालन होती. घरामागच्या बोळात, पाण्याची टाकी हा एक खांब आणि पायरी हा दुसरा, आणि मधे साडी खोचून उभी राहिलेली आई. पोरगं सहा वर्षांचं होतं तेव्हापासून. दुपारची भांडी झाली की अर्धा तास. उन्हाळ्याच्या सुट्टीत राजवर्धन आला की तासभर. जावा हसायच्या, शेजारणी हसायच्या, शालन गुडघ्याला हळद लावून पुन्हा उभी राहायची. त्या अर्ध्या तासासाठी ती सकाळपासून कामं उरकत असे.

"म्हायती असंल तर सांग की," आकाराम म्हणाला. "टायब्रेकर झाला तर उपयोग हुईल."

"म्हायती हाय."

"मग?"

"सांगत न्हाय."

"भाऊ हाय मी तुझा!"

"आणि त्यो पोटचा हाय."

आकारामनं हात पुढं केला. "मग तिकिटं दे परत."

तो चेष्टा करत होता की खरंच बोलत होता, ते शालनला कळलं नाही. तिनं तिकिटांकडं बघितलं. तिला स्वतःचाच राग आला. बावन्न वर्षांची बाई, दोन कागदांसाठी डोळ्यांत पाणी! तिनं तिकिटं त्याच्या हातावर ठेवली.

"ने बाबा."

आकारामनं ती परत तिच्या मुठीत कोंबली. "लई ताठ हाईस. लहानपणापासनं अशीच. चार वाजता गेटवर थांबतो, उशीर करू नको." आणि गाडी काढून तो गेला.

*

शालनची लेक स्वप्नाली आतून सगळं ऐकत होती. आज चहा तिच्याकडं होता, कारण आईच्या हातचा चालणार नव्हता आणि थोरली काकू लेकीच्या बाळंतपणासाठी कुरुंदवाडला गेली होती. शाळेत सातवीच्या वर्गाला धाकात ठेवणारी स्वप्नाली घरात आण्णांसमोर मात्र अजून सातवीतलीच होत असे. आज तिनं ठरवलं होतं की तसं होऊ द्यायचं नाही.

माजघरात आण्णा, वडील अमरसिंह आणि राजवीर बसले होते. राजवीर किटबॅगची चेन उघडत होता आणि लावत होता. तिनं चहा ठेवला आणि सांगून टाकलं, "मी आणि आई मॅचला चाललोय."

आण्णांनी कप उचलला होता तो तसाच राहिला. "कुणी तिकीट दिलं?"

"मामानं."

"म्हणजे नवरंगच्या गॅलरीत." आण्णांनी कप खाली ठेवला. शालन दारात येऊन उभी होती, पण आण्णा फुटबॉलच्या बाबतीत तिच्याशी थेट कधी बोलत नसत. ते अमरसिंहाकडं वळले. "अमर, तुझ्या बायकूला सांग, वज्रवीरच्या घरची सून पिवळ्या गॅलरीत बसल्याली उभ्या पेठेला दिसंल. मी तालमीचा अध्यक्ष हाय. उद्या चौकात तोंड कसं दाखवू?"

"मग तुमी हिरवी तिकिटं का दिली न्हाईत?" स्वप्नाली म्हणाली.

"मोठ्यांत बोलू नको तू."

"मी सव्वीस वर्षांची हाय, आण्णा. तुमीच म्हणता लग्नाचं वय झालं म्हणून."

राजवीर मान खाली घालून बोलला, आणि जे बोलायला नको होतं तेच बोलून बसला. "आई, नको येऊ तू. तू तिकडं बसलीस की पोरं मला चिडवत बसतील. माझं ध्यान ऱ्हाणार न्हाय."

स्वप्नालीनं आईकडं बघितलं. एवढा वेळ आण्णांच्या बोलण्यानं आईचा चेहरा हलला नव्हता. तो आता हलला. "बरं," शालन म्हणाली. "तुझं ध्यान ऱ्हाणार नसंल तर न्हाय येत." ती वळली.

"जाईल ती."

हे अमरसिंह म्हणाले. दूध संघात आयुष्यभर हिशोबाचं टेबल सांभाळलेला, भावापुढं कधी वर न बघितलेला माणूस. बोलून झाल्यावर त्यांनाच आश्चर्य वाटल्यासारखं त्यांनी भिंतीकडं बघितलं.

"काय म्हणलास?" आण्णा म्हणाले.

"जाईल म्हणलं, आण्णा. एवढ्या वर्षांत तिनं कधी काय मागितलं न्हाय." मग ते भिंतीकडं बघतच पुढं म्हणाले. "एका वर्षी मॅचच्या दिवशी मी मफलर न्यायला घरी आलतो. वर बघितलं तर गच्चीवर ही एकटीच उड्या मारत हुती. शेंगदाणं सगळीकडं सांडल्यालं. मी तसाच परत गेलो. तवापास्नं दर वर्षी मला स्टेडियमवर बसल्यावर त्येच आठवतंय."

शालनच्या कानापर्यंत लाली आली. "बघितलंसा तुमी? आणि एवढी वर्षं बोलला न्हाईसा?"

"बोललो असतो तर तू उड्या मारायची थांबली असतीस."

स्वप्नालीला हसावं की रडावं कळेना. राजवीरनं बॅगची चेन सोडून दिली होती आणि तो आईकडं अशा नजरेनं बघत होता, जणू ही बाई त्यानं आजवर नीट बघितलीच नव्हती. "ये की मग," तो हळूच म्हणाला. "फक्त हाक मारू नको."

आण्णा उठले. भाऊ फुटला, पुतण्या फुटला, पुतणी तर आधीच फुटली होती. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "जाऊ द्या. पर अमर, तिला सांगून ठेव. आज आपण हरलो तर या घरात फुटबॉलचं नाव पुन्हा तिच्या तोंडातनं निघायचं न्हाय. गच्ची बी बंद."

आणि ते दारातल्या पायऱ्या उतरून गेले.

*

कुठली साडी नेसायची यावर मायलेकींनी तासभर घालवला. हिरवी नेसली तर मंगळवार पेठ खवळणार, पिवळी नेसली तर सासर. शेवटी जांभळी निघाली. स्वप्नालीनं हिरवी ओढणी पर्सच्या तळाशी घडी घालून ठेवली.

गेटपासूनच हलगी कानात बसली. वर जायचा जिना चढताना शालनचा हात आकारामनं धरला होता, मागून स्वप्नाली ढकलत होती, आणि जिना संपला तसं ते सगळं एकदम समोर आलं. केवढं मोठं! लाल माती आणि मधे मधे गवत असलेलं मैदान, पलीकडं हिरवीगार झालेली सगळी बाजू, आणि शालनच्या भोवती पिवळे झेंडे, पिवळ्या टोप्या, पिपाण्या, भेळवाले. गच्चीवर येणारा आवाज म्हणजे याचा कुठला तरी लहानसा कोपरा होता. शालन उभीच राहिली.

"बस की आक्का. मागची माणसं शिव्या घालत्यात."

"घालू देत रे. बघू दे मला."

तिच्या माहेरच्या गल्लीतलीच निम्मी गॅलरी होती. कुणीतरी "अगं शालन!" म्हणालं, कुणीतरी चुरमुऱ्यांची पुडी पुढं केली. दोन्ही संघ मैदानात आले तसं तिनं राजवीरला शोधलं आणि मग राजवर्धनला. राजवीर नऊ नंबर, राजवर्धन एक नंबर. दोघांनीही आत पाय टाकताना मातीला हात लावून कपाळाला लावला. तिला वाटलं, उठून सगळ्या गॅलरीला सांगावं की या दोघांनाही मी आंघोळी घातल्यात.

पहिल्या हाफमध्ये नवरंगनं कॉर्नरवरून गोल केला. गॅलरी उठली आणि शालनही उठली, दोन्ही हात वर करून, पायाखाली पायरी आहे का माती आहे हे न बघता. खाली बसल्यावर तिच्या ध्यानात आलं की हा गोल आपल्याच मुलाच्या संघावर झाला आहे. स्वप्नाली तिच्याकडं डोळे मोठे करून बघत होती.

"आई! कुणाच्या बाजूनं हाईस तू?"

"अगं, सवय हाय," शालन ओशाळून म्हणाली. "दोन्हीकडं टाळी वाजवायची."

दुसऱ्या हाफमध्ये मात्र तिचा श्वासच वर राहिला. राजवीरला दोनदा पाडलं. एकदा तो लंगडत उठला तेव्हा शालननं आकारामचा दंड इतका जोरात धरला की तो कळवळला. आणि मग मधल्या फळीतून एक लांब बॉल आला. राजवीरचं तोंड या पिवळ्या गॅलरीकडं होतं आणि पाठ पलीकडच्या हिरव्या गॅलरीकडं. त्यानं तो हवेतला बॉल छातीवर घेतला, तो खाली पडू दिला नाही, तसाच गर्रकन वळला आणि डाव्या पायानं असा ठेवून दिला की राजवर्धन हललासुद्धा नाही.

"राजाऽऽऽ! माझ्या राजाऽऽऽ!"

सगळ्या पिवळ्या गॅलरीत शालन एकटी उभी होती. भोवती सन्नाटा. आकारामनं कपाळाला हात लावला. "खाली बस, आक्का. मार खायला लावशील मला."

दोन रांगा खालून एक मिशीवाला म्हातारा वळला. "ए बाई, कुणाची तू?"

"त्याची आई," शालन म्हणाली. तिचा आवाज फाटला होता, पण तो सगळ्यांना ऐकू गेला.

म्हाताऱ्यानं मैदानाकडं बघितलं, मग तिच्याकडं. "आई हाय व्हय? मग वरडू दे की. गोल तर झ्याकच केलाय." आणि गॅलरीत हशा पिकला. स्वप्नालीनं पर्समधून हिरवी ओढणी काढली आणि सरळ खांद्यावर टाकली.

*

पलीकडच्या हिरव्या गॅलरीत अमरसिंह बसले नव्हते, ते कठड्याला रेलून उभे होते. गोल झाला तसं त्यांच्या भोवतीची माणसं एकमेकांच्या अंगावर पडली, आण्णांनी टोपी हवेत फेकली ती परत मिळालीच नाही. अमरसिंह मात्र समोर बघत होते. एवढ्या पिवळ्यात एक जांभळा ठिपका उभा होता. तो वर-खाली होत होता. एवढ्या लांबून तोंड दिसत नव्हतं, आणि दिसायची गरजही नव्हती. त्यांना एकदम इतकं बरं वाटलं की शेजारच्या अनोळखी पोराला त्यांनी मिठी मारली.

"वहिनी हाईत व्हय त्या?" मागून कुणीतरी विचारलं. "समोर पिवळ्यात?"

"व्हय," अमरसिंह म्हणाले. "माझी बायको."

आण्णांनी ते ऐकलं आणि मान दुसरीकडं वळवली.

एक-एकवर वेळ संपली. टायब्रेकर.

*

चार-चार किका झाल्या तेव्हा नवरंग एकानं पुढं होती. राजवीरला गोल करावाच लागणार होता. तो मधल्या वर्तुळातून चालत निघाला.

त्यानं बॉल ठेवला. समोर राजवर्धन हातमोजे एकमेकांवर आपटत होता. गेली दोन वर्षं ते एकमेकांशी मॅचच्या आठवड्यात बोलत नसत, हा दोघांनी मिळून केलेला नियम होता. आता नजर भिडली आणि राजवीरला कळून चुकलं. याला ठाऊक आहे. बोळात आईच्या उजव्या हाताला स्वयंपाकघराच्या खिडकीची काच होती, त्यामुळं तिच्या डावीकडंच बॉल मारायचा असा दोघांना दम होता. राजवीरचा पाय तसाच वळला तो कायमचा. आणि राजवर्धन तेव्हा टाकीवर बसून सगळं बघायचा.

बाजू बदलावी? पण आपण बदलू हे त्याला कळलं असेल तर? शिट्टी वाजली. पलीकडून कुठूनतरी, त्या सगळ्या हुल्लडीतून, एका बाईचा घोगरा आवाज आला. हाक मारू नको म्हणून त्यानंच सांगितलं होतं. त्याला आता बरंच वाटलं. त्यानं विचार सोडून दिला आणि जीव खाऊन मारला, आपल्या रोजच्याच कोपऱ्यात.

राजवर्धन तिकडंच झेपावला. बॉल त्याच्या बोटांना लागून खांबावर गेला आणि बाहेर.

पिवळी गॅलरी फुटली. राजवीर गुडघ्यावर बसला. थोड्या वेळानं कुणीतरी त्याला बगलेत हात घालून उचललं. तो राजवर्धन होता. त्याचे सोबती तिकडं नाचत होते आणि तो इकडं उभा राहून रडत होता, जिंकलेला असून.

"ऊठ की रे," तो म्हणाला. "आत्या बघायल्या."

*

तिन्हीसांजेला घर गप्प होतं. हंड्यात रस्सा करायचा बेत होता, मटण तसंच फ्रीजमध्ये गेलं. गल्लीतले झेंडे कुणीतरी उतरवत होतं. राजवीर पाय लांब करून भिंतीला टेकला होता, घोट्यावर बर्फाची पिशवी. आण्णा खुर्चीत होते, डोकं उघडं. अमरसिंह उगाच पंख्याचं बटण चालू-बंद करत होते. शालन आणि स्वप्नाली दारातून आत आल्या तेव्हा कुणी वर बघितलं नाही.

मग आण्णांनी बोलायला सुरुवात केली, अर्थात अमरसिंहाकडं बघून.

"अमर, त्या कीपरला कसं कळलं, कुठल्या बाजूला येणार? सकाळी ह्यो आकाराम दारात कशाला आलता? नुसती तिकिटं द्यायला?"

"आण्णा!" स्वप्नाली म्हणाली.

"इचार म्हणतोय तिला. भावानं इचारलं असंल, सांगितलं असंल."

शालनचं तोंड उतरलं. ती काही बोलायच्या आत राजवीरनं बर्फाची पिशवी बाजूला ठेवली.

"आईनं काय सांगितलं न्हाय. मामानं इचारलं हुतं, आत मला ऐकू येत हुतं. तिनं तिकिटं परत दिली, पर सांगितलं न्हाय." तो आण्णांकडं बघत होता. "राजवर्धनला सांगावं लागतंय व्हय? आमी दोघं एकाच गोलवर शिकलोय. तितं आईच हुभी असायची."

आण्णांनी उघड्या डोक्यावरून हात फिरवला. पण माघार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "ठीक हाय. न्हाय सांगितलं. पर हरलो त्ये हरलोच. सकाळी काय ठरलंय त्ये ध्यानात असू दे."

"आई," राजवीर म्हणाला, "तू रडलीस का गं?"

शालननं आवरून धरलं होतं. गाडीवर, गल्लीत, पायरीवर, सगळीकडं तिनं तोंड पाडून धरलं होतं, कारण घरात दुःख होतं आणि तिच्या लेकाचा बॉल अडला होता, आणि त्याचं तिला खरंच वाईट वाटत होतं. पण आता लेकानं असं विचारल्यावर ते आतलं सगळं वर आलं.

"रडले," ती म्हणाली. आवाज बसला होता, शब्द खरखरत बाहेर येत होते. "पर राजा, राग येऊ दे न्हायतर काय बी होऊ दे... मला लई मजा आली रे!"

पंख्याचं बटण अमरसिंहांच्या हाताखाली तसंच राहिलं. सुतक पडलेल्या घरात कुणी पेढे वाटावेत तसं ते वाक्य मधे येऊन पडलं. स्वप्नालीनं तोंडावर ओढणी धरली.

"अमर," आण्णा म्हणाले, "सकाळी ठरलं हुतं..."

"ठरवलं तुमी, आण्णा. मी कुठं व्हय म्हणलं हुतं?" शालननं पदर कमरेला खोचला. तिला थांबता येत नव्हतं. "किती मोठं हाय त्ये! आणि त्यो बॉल! असा वरनं आला, लांबनं, मला वाटलं डोक्यावरनं जातोय. आणि ह्यानं असा," ती माजघराच्या मधोमध उभी राहिली, खांदे मागं घेतले, "असा छातीवर घेतला, खाली पडूच दिला न्हाय, आणि गर्रकन..." ती वळली. कोपऱ्यातली स्टुलावरची तांब्याभांडी खाली आली. "आणि मारला! राजवर्धन हलला बी न्हाय!"

राजवीर हसायला लागला. आधी नाकातून, मग मोठ्यानं, घोट्याला धरून. "आई, पाय असा न्हाय, असा हुता माझा."

"तसाच की! मी तेच करतीय!"

"त्याच्या आधी दोघांनी धरलं हुतं त्याला," अमरसिंह पंखा सोडून पुढं आले. "त्ये बघितलंस का?"

"बघितलं की! एकानं तर शर्ट ओढला. पंचाला दिसलं न्हाय."

"दिसलं हुतं. दिलं न्हाय त्यानं."

"खांद्यावर घेतला."

सगळे थांबले. आण्णा खुर्चीतून पुढं वाकले होते. अमरसिंहांकडं ते बघतही नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा मॅचबद्दल ते थेट शालनशी बोलत होते.

"छातीवर न्हाय, शालन," ते म्हणाले. "बॉल खांद्यावर घेतला त्यानं. मी बॅक खेळलोय, मला कळतंय. खांदा."

शालननं कपाळावरचे केस मागं सारले.

"छातीवर, आण्णा," ती म्हणाली. "तुमच्याकडं त्याची पाठ हुती. मी समोर हुते की."